वहीत लिहिलं असेल तरच धरायचं

गेल्या वर्षी शाळेच्या प्रश्नमंजूषेत मी सातवीच्या पोरांना विचारलं, ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ अ तुकडीनं घंटी वाजवून ‘हॉकी’ सांगितलं, मी दहा गुण दिले. ब तुकडीतला एक किरकोळ अंगाचा पोरगा उठून म्हणाला, ‘बाई, कुठलाच नाही.’ मी त्याला खाली बसवलं. वर ‘आगाऊपणा नको’ असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो बातमीची प्रिंट घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा. आपण कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं 2012 साली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना कळवलं होतं. ब तुकडी पाच गुणांनी हरली होती आणि फिरता चषक वर्षभर अ तुकडीच्या कपाटात राहिला. पोरगा वर्गासमोर काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

यंदाही प्रश्न काढायचं काम माझ्याच गळ्यात आलं. म्हटलं, आधी प्रश्न विचारणारे लोक प्रश्न कसे काढतात ते बघूया. ऑगस्टचा महिना, कोल्हापुरात पावसानं मुक्काम ठोकलेला, ह्यांची सेकंड शिफ्ट. संध्याकाळी घरात मी, सासरे म्हणजे अण्णा, आणि बारावीतली लेक. ठरवलं की सोमवार ते शुक्रवार रात्री नऊला ‘कौन बनेगा करोडपती’ बघायचं, आणि दुपारी शाळेतून आल्यावर यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेतले. आठवडाभर. वही-पेन घेऊन.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. टीव्हीवरच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, फक्त ते बरोबर उत्तर हिरवं झाल्यावर येतं. ‘हे मला येत होतं.’ म्हणून मी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले. पहिला: पर्याय दिसायच्या आधी लिहिलेलं उत्तर. दुसरा: पर्याय बघून लिहिलेलं. तिसरा: ‘येत होतं’. नियम एकच, वहीत लिहिलं असेल तरच धरायचं. तोंडानं सांगितलेलं धरायचं नाही.

सोमवारी रात्री हिशोब केला तेव्हा तेरा प्रश्नांत माझे पहिल्या रकान्यात चार, दुसऱ्यात चार. लेकीचे तीन आणि पाच. अण्णांचे पहिल्यात दोन, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्या रकान्यात आठ. ‘वही चुकीची आखलीस,’ म्हणाले.

पण खरं सांगायचं तर हसायला मला जागा नव्हती. चार पर्याय डोळ्यांसमोर आले की आपल्याला उत्तर ‘आठवतं’, आणि ते आपण ओळखलेलं असतं, आठवलेलं नसतं. वर्गात पोरं फळ्याकडे बघून माना डोलवतात आणि पेपरात पान कोरं सोडतात, त्यातलाच हा प्रकार. तीन जुलै 2000 ला हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. त्या काळात गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक करोडपती बसलेला असायचा. सगळे तिसऱ्या रकान्यातले.

मंगळवारी मी उत्तरांकडे लक्षच दिलं नाही, फक्त चुकीचे पर्याय लिहून घेतले. खरी कारागिरी तिथं आहे. चारातला एक अगदीच विनोदी, दोन बरे, आणि एक असा की अर्धवट माहिती असलेला माणूस हटकून त्याच्यावर जाऊन बसतो. मी लगेच एक आमच्या गावचा करून बघितला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना कुठं झाली? मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर. शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या, त्या ठामपणे म्हणाल्या, पुणे. कारण पुण्यातला प्रभातचा स्टुडिओ सगळ्यांना ठाऊक असतो, आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पण कंपनी निघाली 1929 ला, आमच्या कोल्हापुरात. पुण्याला गेली 1933 ला. उत्तर सांगितल्यावर काकूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘बघा, इथनं पण नेलं.’ प्रश्न चांगला जमला होता.

त्याच रात्री ‘फास्टेस्ट फिंगर’सारखा क्रम लावायचा प्रश्न केला. कोल्हापूरहून रेल्वेनं पुण्याला निघालात, तर आधी काय लागतं ते क्रमानं लावा: कराड, सांगली, मिरज, जयसिंगपूर. लेकीनं सांगली मिरजेच्या आधी टाकली. अण्णा जन्मभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मंत्रालयाच्या वाऱ्या केलेले. त्यांनी वहीकडे न बघता जयसिंगपूर, मिरज, सांगली, कराड असं सलग लिहून काढलं आणि पहिल्या रकान्यात स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली. वर ‘मिरजेला चहा घ्यायचो’ हेही लिहिलं.

बुधवारी दुपारी इंग्लंडमधला ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. हा कार्यक्रम 1962 पासूनचा. दोन विद्यापीठांचे चार-चार विद्यार्थी. सुरुवातीचा प्रश्न दहा गुणांचा, त्याला स्वतःच बझर दाबायचा, कुजबुज चालत नाही. बरोबर आला की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न सगळ्या संघाला मिळून. प्रश्न पुरा व्हायच्या आत बझर दाबून चुकलात तर पाच गुण कापतात. 2023 पासून तो अमोल राजन घेतो. नाव ऐकून अण्णा सावरून बसले, ‘आपल्यातला दिसतोय.’ म्हटलं, कोलकात्यात जन्मलाय. ‘मग काय,’ म्हणून परत टेकले.

अर्ध्या तासात आम्हा तिघांचे मिळून दोन प्रश्न बरोबर आले. एक लेकीचा, रसायनशास्त्रातला. एक माझा, आणि तोही मी अंदाजानं ‘शेक्सपिअर’ लिहिलं म्हणून. पण मला त्यातलं काहीतरी सापडलं. तो दहा गुणांचा प्रश्न सुरुवातीला आडवळणाची माहिती देतो आणि एकेका वाक्यानं सोपा होत जातो. ज्याला जास्त माहीत त्याचं बोट आधी बझरवर जातं. कमी माहीत असलेल्यालाही शेवटी संधी असतेच. आमच्या शाळेत आम्ही विचारतो, ‘ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत पदक कुणी मिळवलं?’ आणि पाठांतर केलेला पोरगा घंटीवर आपटतो. संपलं.

मराठीला तर हा प्रकार अंगचाच आहे की. आपलं वाक्य क्रियापदापाशी जाऊन थांबतं, ‘कोण’ हा शब्द पार शेवटी ठेवता येतो. रात्री भाकरी टाकता टाकता मी डोक्यात एक जुळवला: ‘1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आलेला, पुढच्या वेळी ज्याच्या प्रवासखर्चासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं असं सांगतात, जो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, ज्याचं गाव कराडजवळचं गोळेश्वर, आणि ज्यानं 1952 मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवलं, तो पैलवान कोण?’ अण्णा ‘घर गहाण’पाशीच ओरडले, ‘खाशाबा!’ आणि लगेच हात वर करून म्हणाले, ‘वहीत नाही लिहिलं, पण हे धर.’ धरलं.

मध्येच अमेरिकेतला ‘जेपर्डी’ही बघितला, पण त्यात माझं मन रमलं नाही. तिथं उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यावं लागतं, त्यात आमची तिघांचीही दमछाक. एवढं मात्र लक्षात राहिलं की 2004 मध्ये केन जेनिंग्ज तिथं सलग 74 डाव जिंकला आणि पंचाहत्तराव्याला हरला. सूत्रधाराचं वाचून व्हायच्या आत बटण दाबलं तर ते क्षणभर बंदच पडतं. आमच्या शाळेतल्या घंटीला ही सोय पाहिजे होती.

गुरुवारी पाऊस वाढला. कोल्हापुरात असल्या दिवसांत एकच प्रश्नमंजूषा चालते आणि तिच्यात सगळं गाव भाग घेतं. दूधवाला, रिक्षावाला, शाळेतला शिपाई, सगळे भेटल्या भेटल्या विचारतात, ‘किती फूट?’ म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती झाली. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला पाणी पन्नाशीच्या पुढं गेलेलं बघितल्यापासून हे दोन आकडे बालवाडीतल्या पोरालाही येतात. म्हणूनच मला वाटलं, अण्णांना आज खुर्चीत बसवावं.

कारण दुपारी आम्ही ‘मास्टरमाइंड’ बघितलं होतं. अंधार, एक काळी खुर्ची, वरून प्रकाश, आणि आपल्या आवडीच्या एका विषयावर भराभर प्रश्न. 1972 ला हे सुरू करणारे बिल राइट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी होते, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, त्यांची उलटतपासणी केली होती. त्या आठवणीतून ही खुर्ची आली. लेक म्हणाली, ‘बारावीच्या तोंडी परीक्षेला पण असंच असतंय.’

आमच्याकडे काळी खुर्ची नव्हती. निळी प्लास्टिकची ओट्याजवळ ठेवली, ट्यूब बंद केली, लेकीनं मोबाईलची बॅटरी वरून धरली. अण्णांचा विषय: राधानगरी धरण आणि पंचगंगा. वेळ दोन मिनिटं. मी पाच मिनिटं खपून बारा प्रश्न काढले होते.

‘राधानगरी धरण कोणत्या नदीवर?’

‘भोगावती.’

‘धरणाला स्वयंचलित दरवाजे किती?’

‘सात. आता बघ, ह्याला वीज लागत नाही. पाणी ठरल्या पातळीला आलं की त्याच्याच जोरानं दार उघडतंय, उतरलं की आपोआप मिटतंय. एकदा रात्री ड्युटीवर असताना तिसरा दरवाजा…’

‘अण्णा, वेळ चाललाय!’

‘सांगू दे की. सुरू केलंय तर संपवणार.’

हे वाक्य मूळ कार्यक्रमातलंच निघालं. तिथले पहिले सूत्रधार मॅग्नस मॅग्नसन अर्ध्या प्रश्नात वेळेची घंटा वाजली की म्हणायचे, मी सुरू केलंय, तर संपवणारच. तिथं प्रश्न संपवायचा असतो, आमच्याकडे उत्तर. दोन मिनिटांत बारापैकी पाचच प्रश्न विचारून झाले. पाचवा होता, पंचगंगेच्या पाच नद्या सांगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, असं म्हणून अण्णा थांबले. लेकीच्या हातातली बॅटरी हलायला लागली. मी मनात म्हटलं, बरं झालं मला कुणी विचारलं नाही, मला कशीबशी तीन आली असती. जन्म शिवाजी पेठेतला असून.

‘सरस्वती,’ अण्णा म्हणाले. ‘ती गुप्त आहे. खात्याच्या नकाशात नव्हती.’

शुक्रवारी करोडपतीत कुणीतरी घरी फोन लावला आणि मला एक किस्सा आठवला. नोव्हेंबर 1999 मध्ये या खेळाच्या अमेरिकन आवृत्तीत जॉन कार्पेंटर शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही मदत न घेता पोचला. शेवटी त्यानं वडिलांना फोन लावला, आणि मदत नको, मी दहा लाख डॉलर जिंकतोय एवढंच सांगायला केलाय, असं म्हणाला. बाप काय म्हणाला असेल देव जाणे. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘फुकटचा फोन मिळाला की लोक असंच करतात.’ आणि खोकले. पावसाळ्यात त्यांना खोकला असतोच, पण दोन दिवसांपासून लेकीला तो संशयास्पद वाटत होता. इंग्लंडच्या मूळ खेळात 2001 मध्ये मेजर चार्ल्स इंग्रम नावाच्या माणसानं दहा लाख पौंड जिंकले, आणि बरोबर पर्याय उच्चारला की वाट बघत बसलेल्या स्पर्धकांतून कुणीतरी खोकतंय असं चित्रीकरणात ऐकू आलं. रक्कम मिळालीच नाही. 2003 मध्ये तो, त्याची बायको आणि तो खोकणारा, तिघंही दोषी ठरले. लेकीनं हे वाचून दाखवल्यापासून मी उत्तर लिहिताना अण्णा खोकले की ती वहीत ‘ख’ लिहायची. माझ्या सहा उत्तरांपुढं ‘ख’ होता. त्यातली चार चुकीची निघाली, त्यामुळं अण्णा सुटले.

एक गोष्ट मात्र बोलायला पाहिजे. अमरावतीच्या बबिता ताडे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या, महिना पंधराशे रुपयांवर. 2019 मध्ये त्या करोडपतीत एक कोटी जिंकल्या. आमच्या शाळेतल्या खिचडीच्या मावशी अजून त्यांचं नाव काढतात, आणि पगाराचा विषय निघाला की हटकून काढतात. स्टाफरूममधल्या आम्हा पदवीधरांतलं कुणी त्या खुर्चीच्या जवळपासही गेलेलं नाही.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. घरी येऊन ‘ओन्ली कनेक्ट’ लावलं आणि मी त्याच्या प्रेमात पडले. त्यात एक भिंत असते. सोळा शब्द, त्यांचे चार-चारचे चार गट लावायचे, आणि मुद्दाम काही शब्द असे घातलेले की ते दोन गटांत बसल्यासारखे वाटावेत. मी म्हटलं, कोल्हापूर जिल्ह्याची भिंत करूया. तासाभरात केली. नद्या, धरणं, किल्ले, तालुके. चहा घेऊन अण्णांपुढं ठेवली.

अण्णांनी चष्मा लावला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ह्याची एकाहून जास्त उत्तरं होतात.’

‘कशी?’

‘पन्हाळा तू किल्ल्यांत घातलास. तालुका पण आहे की. भुदरगड तालुक्यांत घातलास, तो किल्ला पण आहे. अदलाबदल केली तरी चालतंय.’

खरं होतं. मी रांगण्याला किल्ल्यांत घेतलं आणि पन्हाळा-भुदरगड दोन्ही तालुक्यांत ढकलले. आता विशाळगड, पारगड, सामानगड आणि रांगणा हे चार पक्के किल्ले, म्हणजे उरलेल्या दोघांना तालुक्यातच जावं लागणार. परत दिली.

‘कासारी, कुंभी नद्यांत?’

‘हो.’

‘ती धरणं पण आहेत. रोज सकाळी विसर्गाच्या यादीत नावं येतात, वाचत नाहीस काय?’

तीही काढली. पंचगंगा, भोगावती, वेदगंगा, हिरण्यकेशी ठेवल्या. धरणांत राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव. राधानगरी तालुकाही आहे आणि तुळशी नदीही, पण ती दोन काढली तर धरणांना चार मिळत नाहीत, म्हणून उत्तर एकच राहतं. तालुक्यांत आजरा आणि शिरोळ बिनधोक. तिसऱ्यांदा अण्णांनी पेन्सिलीनं एकेक शब्दावर टिंब देत तपासलं, कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, ‘आता पास.’ चाळीस वर्षं लोकांची मोजमापं तपासलेला माणूस. गेल्या वर्षी हॉकीचा प्रश्न ह्यांना आधी दाखवला असता तर, असं वाटून गेलं. पण त्यांनीही हॉकीच म्हटलं असतं.

रविवारी सकाळी गल्लीतली पाच पोरं बोलावली. बझर म्हणून प्रत्येकाला स्टीलची वाटी आणि चमचा. बाहेरून मिसळीचं पार्सल येणार होतं, ते जिंकणाऱ्याला जादा कटाचं. खाशाबांच्या प्रश्नाला एकानं ‘लंडन ऑलिम्पिक’ ऐकताच चमचा हाणला आणि ‘अभिनव बिंद्रा’ म्हणाला. पाच गुण गेले. ‘हे कुठलं काकू,’ म्हणून कुरकुरला, पण पुढच्या प्रश्नाला वाटीवर चमचा अधांतरी धरून पूर्ण ऐकत बसला. क्रियापद येईपर्यंत. वर्गात हे ऐकणं मला पंधरा वर्षांत जमवता आलेलं नाही. भिंतीला पाचही पोरं मिळून भिडली. राधानगरी तालुक्यात टाकून दोनदा अडकली, तिसऱ्यांदा सुटली. मिसळ शेवटी सगळ्यांनीच खाल्ली. अण्णा दारात उभे राहून खोकत होते आणि लेक बोटानं हवेत ‘ख’ काढत होती.

सोमवारी प्रश्नांचा कागद घेऊन मी आठवीच्या वर्गात गेले. तो पोरगा यंदा आठवीत, म्हणजे स्पर्धेत नाही. मधल्या सुट्टीत त्याला बाहेर बोलावलं. म्हटलं, हे चाळीस प्रश्न तपासून दे, कुणाला दाखवू नकोस. तो कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. ‘खरंच बाई?’ मी म्हटलं, खरंच.

दोन दिवसांनी कागद परत आला. एकोणचाळीस प्रश्नांपुढं बारीक अक्षरात ‘बरोबर’. सतरावा होता, ‘पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या किती?’ उत्तर, पाच. त्याच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाई, सरस्वती दाखवा.’

घरी अण्णांना दाखवलं. बराच वेळ हसले. मग त्यांनीच प्रश्न नव्यानं सांगितला आणि मी लिहून घेतला: ‘ज्या पाच नद्यांवरून पंचगंगा हे नाव पडलं असं मानतात, त्यांतली गुप्त समजली जाणारी नदी कोणती?’

दुसऱ्या दिवशी पोरानं तो दोनदा वाचला, ‘मानतात’ आणि ‘समजली जाणारी’ या शब्दांवर बोट ठेवलं, आणि म्हणाला, ‘आता चालतंय बाई.’